‘पिकलाय का?’ ते ‘चष्मा कधी?’

‘पिकलाय का हो?’

आमच्या खोलीत येणाऱ्या बहुतेकांचा पहिला प्रश्न हाच असतो. डॉक्टरांनी तपासून केसपेपरवर ऑपरेशनचा सल्ला लिहिलेला असतो, बाहुली मोठी करायचे थेंब घातल्यामुळे डोळे मिचमिचत असतात, आणि सोबत मुलगा, सून किंवा सुट्टी टाकून आलेला जावई असतो. मराठवाड्याच्या वेशीवरच्या एका तालुक्याच्या गावात ट्रस्टचं डोळ्यांचं रुग्णालय आहे, तिथे मी समुपदेशक आहे. डॉक्टरांनी दोन मिनिटांत सांगितलेलं निवांत समजावून सांगायचं, पैशांचं बोलायचं, तारीख द्यायची आणि नंतर घरी फोन करून थेंब चालू आहेत ना हे विचारायचं, असं माझं काम. पहिल्या भेटीत मी ‘मॅडम’ असते. पट्टी सुटेपर्यंत ‘पोरी’ झालेली असते.

मोतीबिंदू पिकण्याचा हा प्रश्न लोकांनी मनानं काढलेला नाही. पूर्वी डोळ्यातलं गढूळ झालेलं भिंग काढायचे, पण त्याच्या जागी काहीच बसवत नसत. मग दहा नंबरचा जाडजूड चष्मा लागायचा. त्यातून प्रत्येक वस्तू पाव पटीनं मोठी दिसायची, बाजूचं तर धड दिसायचंच नाही. एकाच डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल तर दोन डोळ्यांना दोन मापांचं जग दिसायचं. असला डोळा करून घेण्यापेक्षा आहे तो पुरता जाईपर्यंत थांबलेलं बरं, असा तेव्हाचा हिशोब होता, आणि तो बरोबरच होता.

हिशोब बदलला तो कृत्रिम भिंगामुळे. एखादे निवृत्त मास्तर समोर असले की मी त्यांना ती गोष्ट सांगते. दुसऱ्या महायुद्धात विमानाच्या काचा फुटून काही वैमानिकांच्या डोळ्यांत तुकडे घुसले. काच म्हणायची, पण ते पारदर्शक प्लास्टिक होतं. हॅरॉल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरच्या लक्षात आलं, की हे तुकडे डोळ्यात राहूनही डोळा त्यांच्यावर चिडत नाही. त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करून त्यानं ते १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात एका रुग्णाच्या डोळ्यात बसवलं. त्याच्या व्यवसायबंधूंनी पुढे कितीतरी वर्षं त्याला वेड्यात काढलं. मास्तरांना हा शेवटचा भाग विशेष आवडतो.

त्यामुळे आता पिकायची वाट पाहण्यात फायदा काही नाही, तोटा मात्र आहे. जुना मोतीबिंदू तपकिरी आणि टणक होतो. तो फोडायला यंत्राची ताकद जास्त लागते, डोळ्याच्या पुढच्या काचेला सूज येते आणि दिसायला उशीर होतो. काहींचा मोतीबिंदू फुगून डोळ्यातला दाब एकदम वाढतो. डोकं ठणकतंय, उलट्या होताहेत, डोळा लाल झालाय, अशा अवस्थेत माणूस येतो. तेव्हा ऑपरेशन होतं, पण दाबामुळे गेलेली नजर परत मिळेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

म्हणून ‘पिकलाय का’ला मी उलटा प्रश्न करते: ‘कशाला अडतंय तुमचं?’ बहुतेक सांगतात, कशालाच नाही. मग मी एकेक विचारत जाते. आजी, सुईत दोरा ओवता येतो? ‘सून ओवून देती.’ तांदूळ कोण निवडतं? ‘आता निवडलेलेच आणतात.’ बाबा, रात्री मोटारसायकलवर समोरून गाडी आली तर? ‘रातचं मी जातच नाही.’ एसटीचा बोर्ड? ‘विचारतो की कुणालातरी.’ एका शिंपीकाकांनी काळं कापड शिवायला घेणं बंद केलं होतं. कारण विचारलं तर म्हणाले, ‘काळ्या कापडात आता मजा राहिली नाही.’ दिसत नाही असं म्हणणारे फार थोडे. माणसं हळूहळू कामं सोडत जातात, आणि सोडलेलं काम आपल्याला तसंही नको होतं अशी स्वतःची समजूत घालतात. घरच्यांच्याही ते लक्षात येत नाही, कारण ते काम गुपचूप त्यांच्याच अंगावर आलेलं असतं.

काहींची तर उलटी फसगत होते. साठीच्या पुढे अचानक वाचायचा चष्मा सुटतो, पेपर उघड्या डोळ्यांनी वाचता येतो आणि गावभर कौतुक होतं. बहुतेक वेळा ती मोतीबिंदूचीच करामत असते. भिंगाचा गाभा घट्ट होऊ लागला की डोळा जवळचं पाहणारा बनतो. ही चैन काही महिने टिकते, मग जवळचंही धूसर व्हायला लागतं.

सगळ्यांनाच मी ऑपरेशनच्या रांगेत उभं करते असं मात्र नाही. मोतीबिंदू नुकता सुरू झालाय, काहीच अडत नाही, तर चष्म्याचा नंबर बदलून वर्षभर थांबलं तरी चालतं. आमचे डॉक्टर तसं सांगतातही, आणि घाईनं आलेल्या मुलांना ते आवडत नाही. ‘एकदाचं उरकून टाका’ हा त्यांचा धोशा असतो. दुसऱ्या टोकाला थेंबांनी मोतीबिंदू विरघळवणारे असतात. मोबाईलवर आलेला कांद्याच्या रसाचा नाहीतर मधाचा उपाय करून डोळा लाल झाला की मगच ते आमची पायरी चढतात. मोतीबिंदू घालवणारं औषध अजून निघालेलं नाही. तो काढावाच लागतो.

आमच्या भिंतीवर एक तक्ता आहे. २०१५ ते २०१९ दरम्यान देशात जी पाहणी झाली, तिच्यात पन्नाशीच्या पुढच्या लोकांमधल्या अंधत्वापैकी सुमारे ६६ टक्के अंधत्व मोतीबिंदूमुळे असल्याचं दिसलं. आकडा वाचून रुग्ण काही हलत नाही, पण सोबतचा मुलगा हलतो. ‘म्हणजे हे सगळे बरे होण्यासारखे होते?’ असं एकानं विचारलं होतं. बहुतेक सगळे, हो.

मग तारखेचा घोळ. ‘थंडीत करू’ हे अजून ऐकू येतं. टाके घालून रुग्णाला दिवसेंदिवस हलू न देता झोपवून ठेवायचे त्या काळातलं ते शहाणपण. आता चीर इतकी लहान असते की टाका सहसा लागत नाही, उन्हाळ्यानं काही बिघडत नाही. पण काही अडचणी खऱ्या असतात आणि त्या मी मोडून काढायला जात नाही. ऊसतोडीला गेलेला मुलगा परत आल्याशिवाय आजीला थेंब कोण घालणार? वारीला निघालेल्या माणसाला ऐन आषाढात तारीख द्यायची तर धूळ, पाऊस आणि चंद्रभागेचं स्नान तिन्ही चुकवावं लागेल. तो आपलं ऐकणार नाही, मग आपणच वारीनंतरची तारीख द्यावी. काहींना मुंबईच्या जे.जे. रुग्णालयातच जायचं असतं. पूर्वी तिथे ऑपरेशन करणारे डॉ. तात्याराव लहाने मूळचे लातूर जिल्ह्यातले, त्यामुळे आमच्या भागात डोळ्याचं ऑपरेशन म्हटलं की त्यांचंच नाव पुढे येतं. मी म्हणते, जरूर जा, फक्त जाण्याच्या नावाखाली वर्ष घालवू नका.

सगळ्यात जास्त वेळ लेन्सवर जातो. ‘इंपोर्टेड टाका’ असं मुलगा वडिलांसमोर जोरात म्हणतो आणि वडील बाहेर गेले की हळूच किंमत विचारतो. मदुराईच्या ऑरोलॅबनं १९९२ पासून लेन्स बनवायला घेतल्या आणि या वस्तूची किंमत गरिबाच्या आवाक्यात आली. भारतीय लेन्स म्हणजे कमअस्सल हा समज तेव्हाच संपायला हवा होता. खरा प्रश्न देशाचा नाही, कामाचा आहे. साधी लेन्स एकाच अंतरावरचं स्वच्छ दाखवते. बहुधा लांबचं दाखवणारी बसवतात आणि वाचायला चष्मा लागतो. लांबचं, जवळचं दोन्ही दाखवणाऱ्या महागड्या लेन्सही आहेत. पण त्यांतून रात्री दिव्याभोवती कडी दिसू शकतात. रात्रपाळीच्या ट्रक ड्रायव्हरला ती लेन्स घ्यायला लावणं मला पटत नाही, खिशात पैसे असले तरी. एका सोनारकाकांनी उलट मागणी केली: ‘मला दुकानात बसून जवळचं बघायचंय, लांबचं बघायला घालीन चष्मा.’ डॉक्टरांनी तसा नंबर काढून दिला. असं मागता येतं, हेच कित्येकांना माहीत नसतं.

लेन्सचा नंबर डोळ्याच्या लांबीवरून ठरतो. ती मोजायच्या यंत्रापुढे बसताना ‘हलू नका’ असं तंत्रज्ञ ओरडतो त्याचं कारण असं, की लांबीत एका मिलिमीटरची चूक झाली तर चष्म्याचा नंबर अडीच-तीननं चुकतो.

आणखी एक काम मी हट्टानं करते. घरात चालू असलेल्या सगळ्या गोळ्या पिशवीत घालून आणायला सांगते. रक्त पातळ करायची गोळी बहुतेक जण सांगतात. लघवीच्या त्रासाची कोणी सांगत नाही, सुनेसमोर तर नाहीच. पण प्रोस्टेटसाठी दिल्या जाणाऱ्या टॅमसुलोसिनसारख्या गोळीनं बुबुळातला रंगीत पडदा ढिला पडतो आणि ऐन ऑपरेशनमध्ये फडफडतो. गोळी बंद करूनही परिणाम राहतो, म्हणून डॉक्टरांना आधी कळलेलं बरं. मधुमेह असेल तर वेगळं बोलणं. लेन्स कितीही चांगली बसवली तरी डोळ्यामागचा पडदा साखरेनं खराब झाला असेल तर दिसणं तिथेच अडतं. हे आधी सांगितलं तर माणूस समजून घेतो. नंतर सांगितलं की त्याला वाटतं, ऑपरेशन बिघडलं.

ऑपरेशनच्या दिवशी आमच्याकडे हलकं खाऊन, नेहमीच्या गोळ्या घेऊन यायचं असतं. डोक्यावरून अंघोळ सकाळीच उरकायची, काजळ-कुंकू नाही. ज्या डोळ्याचं ऑपरेशन त्याच्या वर कपाळावर पेनानं खूण होते, आणि केसपेपर घेणारी, थेंब घालणारी, आत नेणारी, प्रत्येक जण विचारते, ‘कोणता डोळा?’ एक बाबा चिडले, ‘किती वेळा विचारताय, तुम्हाला ठाऊक नाही का?’ ठाऊक असतं. तरीही विचारायचं असतं.

बाहेर बाकड्यावर बसलेल्यांची खरी भीती मला उशिरा कळली, कारण ती कोणी उघड विचारत नाही. डोळा बाहेर काढून, साफ करून परत बसवतात, असं कित्येकांना वाटतं. ‘डोळा जागेवरच राहतो’ एवढं वाक्य ऐकलं की खांदे खाली येतात. दुसरी भीती, आपल्याला सुरी येताना दिसेल ही. दिसत नाही. मी आत उभी राहून पाहिलं आहे आणि बाहेर आलेल्यांना विचारलंही आहे. आधी तपकिरी औषधानं डोळा धुतात, ते झोंबतं. जंतू मारायला त्याच्याइतकं कामाचं दुसरं काही नाही. तोंडावर कापड येतं, त्याखाली हवेची नळी असते, तरी क्षणभर कोंडल्यासारखं होतं. डोळा थेंबांनी नाहीतर बाजूला दिलेल्या इंजेक्शननं बधिर केलेला असतो. मग प्रखर उजेड, त्यात तरंगणारे निळे-गुलाबी रंग, डोळ्यावरून वाहणारं थंड पाणी, यंत्राचा चढउतार होणारा सूर आणि डॉक्टरांचा ‘खाली बघा, छान’ असा आवाज. साधारण दहा ते वीस मिनिटं. खोकला येणार असेल तर आधी सांगायचं, मान हलवायची नाही, एवढंच रुग्णाचं काम.

‘लेझरनं करता ना?’ असं विचारतात, तेव्हा मनात असतं ते बहुतेक वेळा फेको. त्यात लेझर नसतो, ध्वनिलहरींनी थरथरणारी सुई असते. चार्ल्स केलमन नावाच्या अमेरिकन डॉक्टरला ही युक्ती दंतवैद्याच्या खुर्चीत बसलेलं असताना, दात साफ करायचं यंत्र बघून सुचली, आणि १९६७ मध्ये त्यानं ती वापरली. चीर जेमतेम अडीच मिलिमीटरची. फार टणक मोतीबिंदूला मात्र सहा-सात मिलिमीटरची तिरकी वाट करून तो अख्खा बाहेर काढतात, तीही बहुधा बिनटाक्याची. शिबिरातल्या गरिबांसाठीची हलकी पद्धत म्हणून तिच्याकडे नाक मुरडणारे भेटतात. अनुभवी हातांनी केलेली ती शस्त्रक्रिया दुय्यम अजिबात नाही. आमच्याकडे येणाऱ्या कित्येक दगडी मोतीबिंदूंना तीच योग्य असते.

दुसऱ्या दिवशी पट्टी निघते. सिनेमात दाखवतात तसं लख्ख दिसणारे असतात, पण ‘धुकं दिसतंय’ म्हणणारेही पुष्कळ. सूज उतरली की ते दोन-चार दिवसांत निवळतं. टणक मोतीबिंदू असेल तर जास्त दिवस लागतात. डोळ्यात कुसळ गेल्यासारखं खुपतं, पाणी येतं, पांढऱ्या भागावर लाल डाग दिसतो, उजेड सहन होत नाही. काहींना कडेला चंद्रकोरीसारखी सावली जाणवते, ती बहुधा हळूहळू विरते. एक डोळा मिटून दुसऱ्यानं भिंत बघायचा खेळ प्रत्येक जण करतो. नव्या डोळ्याला भिंत पांढरी, जुन्याला चहाचं पाणी ओतल्यासारखी पिवळी. निळा रंग तर एकदम उजळतो. एक मावशी स्वतःच्या अंगावरच्या साडीकडे बघत राहिल्या, ‘ही मला हिरवी वाटत होती’ म्हणाल्या. आरशातल्या सुरकुत्यांची तक्रार ठरलेली. शिवाय घरी गेल्यावर स्वयंपाकघरातले डबे कसे चिकट झालेत हे दिसतं, आणि सुनेचा मला फोन येतो, ‘आधीच बरं होतं ताई.’

खरी गोष्ट यापुढे सुरू होते, ती थेंबांची. जंतूंचे थेंब आठवडाभर किंवा थोडे जास्त, सुजेचे थेंब आधी दिवसातून सहा-आठ वेळा आणि मग कमी कमी करत महिना-दीड महिना. दोन औषधांत पाच मिनिटांचं अंतर, नाहीतर दुसरं पहिल्याला धुऊन टाकतं. घरी पाठवण्याआधी मी प्रत्येकाकडून समोर करून घेते. एक आजी मान मागे टाकायच्या, बाटली डोळ्यावर धरायच्या आणि थेंब सुटायच्या क्षणी डोळा गच्च मिटायच्या. औषध गालावरून थेट मानेत. मग पदरानं पुसून ‘झालं’. त्यांच्या सहावीतल्या नातवाला मी शिकवलं: आधी साबणानं हात धुवायचे, आजीला झोपवायचं, छताकडे बघायला सांगायचं, खालची पापणी बोटानं हलकेच ओढली की तिथे खिसा होतो, त्यात एकच थेंब, बाटलीचं टोक कुठेही टेकवायचं नाही. पोरानं वहीत रकाने आखले आणि दर वेळी बरोबरची खूण केली. मोठ्या माणसांपेक्षा मुलं हे काम नेमानं करतात, मी शक्य तिथे त्यांनाच नेमते.

पथ्यांच्या बाबतीत लोक नको तिथे कडक आणि हवं तिथे ढिले. वांगं, चिंच, हरभऱ्याची डाळ महिनाभर बंद, पण शेळ्यांच्या वाड्यात तिसऱ्या दिवशी झाडलोट. खाण्याचं काहीही पथ्य नाही. टीव्ही, मोबाईल बघितला तरी डोळ्याला अपाय होत नाही. डोळा चोळायचा नाही, रात्री झोपताना आवरण लावायचं, आठवडाभर अंघोळ गळ्याखालून, चुलीचा धूर आणि शेतातली धूळ टाळायची, पाण्याची घागर उचलायची नाही, विहिरीत-नदीत डुबकी तर महिनाभर नाही.

एक गोष्ट मी कागदावर लाल पेनानं लिहून देते. बरा होत आलेला डोळा पुन्हा दुखायला लागला, लाली वाढली, नजर कमी झाली, तर त्याच दिवशी यायचं. रात्र असली तरी. आत जंतुसंसर्ग क्वचितच होतो, हजारात एखाद्याला, पण झाला तर तासांचा हिशोब असतो. एका मुलानं संध्याकाळी फोन करून ‘आईचा डोळा ठणकतोय, सकाळी आणतो’ म्हटलं. मी त्याला जीप करून रात्रीच आणायला लावलं, डॉक्टरांनी डोळ्यात इंजेक्शनं दिली. बाईंची नजर पूर्ण नाही, पण स्वतःचं स्वतः करण्याइतकी राहिली. डोळ्यापुढे विजा चमकल्या किंवा कडेनं पडदा सरकल्यासारखं झालं तरी असंच निघायचं.

त्यानंतरचा त्रास फारसा गंभीर नाही, पण चिडचिडीचा. एक डोळा नवा, एक जुना, आणि जुना चष्मा कुठल्याच कामाचा नाही. पायरीचा अंदाज चुकतो. पक्का नंबर महिना-दीड महिन्यांनी निघतो, तोवर ‘चष्मा कधी?’ असे फोन येत राहतात. आणि चष्मा हातात आला की, ‘एवढं ऑपरेशन करून पुन्हा चष्मा?’ चष्मा लागणार हे आधी शंभरदा सांगितलेलं असतं. काही महिन्यांनी वा वर्षांनी लेन्सच्या मागची पातळ पिशवी गढूळ होते, तेव्हा ‘मोतीबिंदू परत आला’ म्हणून घाबरून येतात. तो परत येत नाही. त्या पिशवीला लेझरनं खिडकी पाडतात, काही मिनिटांत, न दुखता. लेझरची हौस असलेल्यांची ती इथे भागते.

दुसऱ्या डोळ्यासाठी आलेल्या लोकांना मला समजावून सांगावं लागत नाही. ते बाहेरच्या बाकड्यावर बसून नव्यांचा वर्ग घेतात: उजेड कसा दिसतो, पाणी कसं थंड लागतं, डोळा बाहेर काढत नाहीत. माझ्यापेक्षा त्यांचं जास्त पटतं. फक्त शेवटी ‘आणि वांगं महिनाभर खायचं नाही बरं का’ हेही त्यात येतंच, आणि मग ते खोडून काढायला मला खुर्चीतून उठून बाहेर जावं लागतं.